न्याहारीतली जवारी कुठं गेली?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत मी एक साधी गोष्ट विचारली. आज सकाळी घरून निघताना काय खाल्लं? बहुतेकींचं उत्तर आलं, चहा. कोणी चहा-टोस्ट, कोणी लेकराच्या बशीत उरलेलं बिस्कुट. एक म्हातारी माय तेवढी म्हणाली, "मी तं कण्या खाल्ल्या वं, रातच्याच होत्या." सगळ्या हसल्या. त्या हसण्यामुळंच आज हा विषय घेतला.

कण्या, आंबील, घुगऱ्या, शिळी भाकर नि ठेचा, भाकरीचा कुस्करा. ही आपल्या वऱ्हाडाची न्याहारी. पोहे आपले नव्हेत. पोहे धानाचे, आणि धान पिकतं तिकडं भंडारा-गोंदियाकडं. आपल्या काळ्या जमिनीत पिकायचा कापूस, त्याच्याशी फेरपालट म्हणून जवारी, आणि मधल्या तासांत तूर. म्हणजे जे रानात तेच सकाळी ताटलीत. गाडगेबाबा 1876 साली आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. त्यांच्या हातातल्या मातीच्या गाडग्यात लोक काय घालत? भाकरीचा तुकडा, कालवण, कण्या. दारोदारी तेच शिजत होतं.

मग हे मोडलं कधी? लोक म्हणतात, टीव्ही आला आणि मोडलं. मला ते पटत नाही. सुरुवात फार आधीची आहे आणि ती चुलीपाशी झालेली नाही, वावरात झाली.

1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इंग्रजांची नजर होती कापसावर. 1861 ते 1865 अमेरिकेत आपसातली लढाई पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. कापसाच्या गाठी मुंबईला निघाल्या. भाव पाहून माणसं कापूस वाढवणारच, त्यात शेतकऱ्याचा दोष काय? पण धान्याचं वावर कमी झालं की कणगीही लहान होते. 1896-97 आणि लगेच 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ पडले, तेव्हा कापूस काही शिजवून खाता आला नाही.

तरी जवारी टिकली, आणि ती टिकण्याचं एक कारण बायांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ते म्हणजे मजुरी. सालदाराचं साल जवारीत ठरायचं. निंदणाला, सोंगणीला गेलेल्या बाईच्या पदरातही पायलीनं धान्य पडायचं. ते धान्य थेट घरी यायचं, जात्यापाशी जायचं. पुढं मजुरी रोख झाली. रोख मजुरी वाईट असं मी म्हणत नाही, धान्यात फसवणूकही पुष्कळ व्हायची, माप मालकाचंच असायचं. पण पैसा घरी येईपर्यंत त्याला वाटेत बरीच दारं लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई आली. अमेरिकेच्या पी.एल. 480 कायद्याखाली तिकडची लाल जवारी जहाजानं आली, रेशनच्या दुकानात मिळू लागली. तिला मिलो म्हणायचे. माझी आजी सांगायची, मिलोची भाकर थापली तर कडा फाटायच्या आणि चव म्हणाल तर भुश्याची. 1972 च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडायला गेलेल्या बायांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. जवारी म्हणजे गरिबी, हा शिक्का त्या काळात जास्तच घट्ट बसला असावा, असं मला वाटतं.

दरम्यान 1964 मध्ये सी.एस.एच. 1 ही संकरित जवारी आली. उत्पन्न वाढलं, हे खरं. पण ती लवकर तयार व्हायची, कणसात दाणा भरला असताना परतीचा पाऊस यायचा, आणि दाणा काळा पडायचा. ताट बुटकं, म्हणून कडबाही कमी. घरात "हायब्रीडची भाकर" हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जाई. 1969 साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, तिथं जवारीवर पुष्कळ काम झालं. पण पुढं सोयाबीन आलं आणि खरिपातली जवारी मागं पडत गेली. आता उरलेलं एखादं वावर कोणी पेरलं, तर गावातली सगळी पाखरं त्याच एका वावरावर, आणि रात्री रानडुकरं. एकट्यानं पेरणं परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही.

आता आजीचं खाणं म्हणजे अमृत, असं मी म्हणणार नाही. दोन गोष्टी स्पष्ट सांगते.

पहिली, हे सगळं घरी, मुळापासून करणारी बाई कोंबडा आरवायच्या आत उठायची. जवारीवर पाणी शिंपडायचं, उखळात कांडून कोंडा काढायचा, मग जात्यावर भरडायचं, चाळायचं, पीठ वेगळं, कण्या वेगळ्या. जात्यावरच्या ओव्या आपण कौतुकानं ऐकतो. दुखणारे खांदे कोणाला ऐकू येत नाहीत. गावात चक्की आली तेव्हा आजीनं जातं कोपऱ्यात ढकललं आणि परत त्याच्याकडं पाहिलं नाही. मी तिला बोल लावणार नाही.

दुसरी, नुसती जवारी पुरत नाही. दख्खनच्या पठारावर जवारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग दिसायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, डोकं ठिकाणावर राहत नाही. हैदराबादला डॉ. गोपालन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1960 च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. म्हणून जवारीसोबत डाळ, ताक, भाजी हवीच. कळण्याची भाकर आठवा, जवारीत उडीद. कण्यांसोबत ताक. अंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ आणि वरून कण्या. आजीला जीवनसत्त्वाचं नाव ठाऊक नव्हतं, जोडी ठाऊक होती. ती जोडी जिच्या घरी जमत नव्हती, रोग तिच्याच घरी जायचा.

2023 हे वर्ष भारताच्या पुढाकारानं जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. शहरात जवारीची बिस्किटं चकचकीत पुड्यात आली. आपण विकलेली जवारी आपल्यालाच पुडीत महाग मिळणार, याचं मला हसू येतं आणि रागही येतो.

तर कण्या. एक वाटी कण्या रात्री पाण्यात भिजत घाला, म्हणजे सकाळी सरपण नि गॅस कमी लागतो. चार वाट्या पाणी उकळवा, मीठ टाका, कण्या वैरा, मंद आचेवर झाकून शिजू द्या, मधूनमधून हलवा, नाहीतर बुडाला लागतात. दाणा बोटात चुरला की उतरवा. वरून ताक, ठेचलेला लसूण, थोडा सांबार. लेकरू नाक मुरडत असेल तर ताकाऐवजी दूध-गूळ द्या, पण आधी ताकाचं देऊन पाहा.

एक अडचण आमच्या गटाला आली ती सांगते. चक्कीवाला पाव पायली भरडायला तयार नव्हता. भरडायचं म्हणजे त्याला दगड ढिले करावे लागतात, मागच्याचं गव्हाचं पीठ झाडावं लागतं. मग आम्ही अकरा जणींनी आपापली जवारी कांडून-पाखडून एकत्र केली आणि सोमवारी दुपारी, चक्की रिकामी असते तेव्हा, पोतंच नेऊन ठेवलं. त्यानं अर्ध्या तासात भरडून दिलं. कोंडा शेळ्यांना गेला, पीठ आणि कण्या वाटून घेतल्या. त्या म्हाताऱ्या मायनं सगळ्यांच्या आधी आपला डबा पुढं केला.