जडत्व आणि वजन : एका समानतेचा इतिहास

मालाने भरलेला रेल्वेचा डबा सपाट रुळांवर उभा असतो तेव्हा त्याचे सारे वजन रूळ पेलतात. तरीही तो हलविण्यास माणसांचा जोर लागतो, आणि एकदा चालू लागला की थांबविण्यासही लागतो. वजन रुळांवर आहे, म्हणजे डबा हलका झाला, असे समजणाऱ्याचा हात बफरमध्ये सापडतो. गती बदलू न देण्याचा हा जो हट्ट, तेच जडत्व. त्याचे माप म्हणजे वस्तुमान.

‘इनर्शिया’ हा शब्द पदार्थविज्ञानात केप्लरने आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आळस. ढकलणारा दूर झाला की पदार्थ थांबणारच, अशी त्याची समजूत होती. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून ती मोडून काढली : अडथळा नसेल तर चालत्या गोळ्याने थांबावे तरी का? १६८७ साली न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त याचाच नियम केला.

पण वजन ही निराळी गोष्ट. ती पृथ्वीची ओढ होय. दुप्पट वस्तुमानाला ओढ दुप्पट आणि हट्टही दुप्पट. म्हणून, हवेचा अडथळा वगळला तर, जड व हलके सारख्याच वेगाने पडतात. हा मेळ नेमका जमतो काय? न्यूटनने दोन सारख्या लाकडी पेट्या अकरा फुटी दोऱ्यांना टांगल्या. त्यांत सोने, शिसे, वाळू, मीठ, गहू असे पदार्थ समान वजनाने भरून झोके मोजले. हजारात एकाचाही फरक आढळला नाही. १८८९ साली हंगेरीच्या ऑत्व्हॉशने ही कसोटी दोन कोटींत एका भागापर्यंत नेली.

मेळ जमतो हे सर्वांस ठाऊक होते. तो का जमतो, हे कोणी फारसे विचारीत नव्हते. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनला सुचले की, खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणारच नाही. त्या एका विचारातून १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त उभा राहिला. २०१६ साली सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाने प्लॅटिनम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूंची तुलना केली. २०२२ सालच्या अंतिम निष्कर्षात, एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत चार-पाच भागांचाही फरक दिसला नाही.

‘हे असेच चालायचे’, असे म्हणून रोजच्या अनुभवाला सोडून देऊ नये, हे आम्ही कामगारांच्या सभांतून नेहमी सांगत आलो. विज्ञानाच्या इतिहासातही आम्हांस तेच दिसते.