शेपटी घोड्याची, इभ्रत माणसाची

उत्क्रांतीच्या वाटेवर माणसाची शेपटी गळाली, पण शेपटीची हौस काही गळाली नाही. ती त्याने घोड्याच्या शेपटीवर भागवून घेतली, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे. गाईच्या शेपटीला तो भक्तिभावाने हात लावतो, कुत्र्याच्या शेपटीची आठवण त्याला म्हणीपुरती होते आणि मांजराच्या शेपटीवर तो अंधारात पाय देतो. घोड्याची शेपटी मात्र त्याने धुतली, विंचरली, तेल लावून मऊ केली, मेंदीने रंगवली, वेणीत गुंफली आणि हौस अगदीच अनावर झाली तेव्हा तोडूनही टाकली. आयाळीचेही तेच. घोड्याच्या केसांचा इतिहास सांगायला बसले, तर वाटेत महाभारत, अकबर बादशहा, ब्रिटिश पार्लमेंट आणि ऑस्ट्रेलियातले सट्टेबाज एवढी मंडळी भेटतात. माझ्या केसांचा इतिहास कोपऱ्यावरच्या सलूनच्या पलीकडे जात नाही आणि त्याचाही उत्तरार्ध फार विरळ आहे.

शेपटी रंगवण्याचे पहिले प्रकरण आपल्याकडचेच आहे. समुद्रमंथनातून उच्चैःश्रवा नावाचा पांढराशुभ्र घोडा निघाला. कद्रू आणि विनता या दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या सवती. म्हणजे भांडायला कारण लागू नये अशी चोख व्यवस्था. तरी त्यांनी कारण काढलेच. विनता म्हणाली, घोडा सगळा पांढरा. कद्रू म्हणाली, अंग पांढरे, पण शेपटी काळी. पैज लागली, हरेल तिने जिंकेल तिची दासी व्हायचे. घोडा बघायला सकाळी जायचे ठरले आणि तिथेच घोटाळा झाला. मधल्या रात्री कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना हुकूम सोडला, ‘काळे केस व्हा आणि त्या शेपटीला जाऊन चिकटा.’ ज्यांनी ऐकले नाही त्यांना तिने शाप दिला, की जनमेजयाच्या सर्पसत्रात जळून मराल. आईने सांगितलेले लबाडीचे काम केले नाही म्हणून मुलांना एवढी शिक्षा झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

सकाळी शेपटी काळी दिसली. विनता दासी झाली. पुढे गरुडाने स्वर्गातून अमृत आणले तेव्हा कुठे आईची सुटका झाली, आणि त्या अमृताच्या आशेने दर्भ चाटताना सापांच्या जिभा चिरल्या. सुटका, चोरी, शाप, यज्ञ, सगळे झाले, पण उच्चैःश्रव्याला कोणी काही विचारले नाही. शेपटी त्याची होती, एवढाच काय तो त्याचा या प्रकरणाशी संबंध.

तशी कद्रूची अगदीच चूक होती असेही म्हणवत नाही. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः पांढरे नसतातच. काळे, तांबडे असे जन्मतात आणि वर्षे जातील तसे पांढरे होत जातात. पुष्कळदा अंग पांढरे झाले तरी आयाळ आणि शेपटी आणखी काही वर्षे काळपट राहते. म्हणजे घोडा जरा तरुण असता तर कद्रूने बिनसापाची पैज जिंकली असती. मला यात हेवा वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. केस पांढरे होऊ लागले की घोड्याचा भाव वाढतो, आमचा उतरतो.

ग्रीक लोक या बाबतीत जास्त व्यवहारी निघाले. झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य. गुरूने माणसाच्या आत्म्याची काळजी वाहिली; शिष्याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात घोड्याच्या निगेवर एक पुस्तक लिहिले. माझ्या मते शिष्याचे काम अधिक मार्गी लागले. तो म्हणतो, झुलपे, आयाळ आणि शेपटी पाण्याने धुवा आणि केस वाढू द्या. शेपटी लांब हवी, कारण तिने घोड्याला माश्या हाकलता येतात. आयाळ भरघोस हवी, कारण चढताना स्वाराला धरायला बरी पडते. कपाळावरच्या झुलप्यांनी डोळ्यांपुढची चिलटे जातात. गाढवाला त्यासाठी देवांनी लांब कान दिले, घोड्याला केस दिले. एवढे उपयोग सांगून झाल्यावर मात्र त्याच्यातला रसिक जागा होतो आणि केस ही देवांनी घोड्याला दिलेली शोभा आहे, असे तो सांगतो. पुरावाही देतो. घोडीची आयाळ भरघोस आहे तोवर ती गाढवाला जवळ येऊ देत नाही. म्हणून खेचरांची पैदास करणारे लोक आधी तिची आयाळ कापतात. आयाळ गेली की घोडीचा तोरा उतरतो, असा त्यांचा अनुभव. केस गेल्यावर तडजोडीला तयार होण्याचा हा प्रकार आम्हाला ग्रीकांनी शिकवायला नको होता.

झेनोफनचे पाणी मोगलांना पुरले नाही. त्यांच्या काळातली चित्रे पाहा. पांढरा घोडा, वर जरीचे खोगीर, आणि पाय, पोटाचा खालचा भाग अन् शेपटी नारिंगी-तांबडी. चित्रकाराचा कुंचला घसरला असे पहिल्यांदा वाटते; पण घोड्यामागून घोडे तसेच दिसतात. ती मेंदी! मेंदीतला रंग केसाच्या द्रव्यालाच जाऊन धरतो. केस, नख, खूर ही सगळी एकाच द्रव्याची भावंडे. त्यामुळे नवरीच्या नखांवर जी मेंदी रंगते तीच घोड्याच्या शेपटीवर रंगते. काळ्या शेपटीवर मात्र ती दिसत नाही. तेव्हा हा मान पांढऱ्या घोड्याचा.

अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त बादशहाच्या खास घोड्यांच्या कपड्यालत्त्याचा हिशेब दिला आहे. त्यात ‘यालपोश’ नावाची वस्तू आहे. याल म्हणजे आयाळ. आयाळीवर घालायचे आच्छादन ते यालपोश. किंमत ३२ दाम. घोडा पुसायचा लोकरी टॉवेल २ दाम. दोन्ही दर सहा महिन्यांनी नवे. चाळीस दामांचा रुपया होत असे, त्या काळची ही गोष्ट. म्हणजे आयाळीची टोपी टॉवेलाच्या सोळापट महाग! केसांपुढे बाकीच्या शरीराला काय भाव असतो, हे आमच्या घरच्या वाणसामानाच्या यादीतल्या शांपू आणि साबण या दोन ओळींवरूनही कळते.

आपल्याकडे तर केसांच्या रंगावर घोड्याची किंमतच ठरे. चारी पाय आणि तोंड पांढरे, तो पंचकल्याणी. त्यात छाती, आयाळ आणि शेपटीही पांढरी असेल तर अष्टमंगल. अंगावरचे भोवरेसुद्धा शुभ आणि अशुभ. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे जाणते गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरून अशा खुणा बघते. मुलीच्या पत्रिकेपेक्षा बारीक नजरेने बघते. आता मंगळ जिथे केसांत असतो तिथे तो काढायला रंगारी निघणारच. घोडा मात्र आपण शुभ आहोत की अशुभ, याचा पत्ता नसल्यामुळे शांतपणे चारा खात असतो.

इंग्रजांनी या शेपटीवर निराळाच उपाय काढला. रंगवायला नको, विंचरायला नको. हाडासकट तोडूनच टाकायची. गाडीच्या घोड्याची शेपटी लगामात अडकते, हे निमित्त. पुढे निमित्त गेले आणि फॅशन राहिली. आखूड शेपटीचा घोडा चलाख दिसतो, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या रस्त्यावरून बिनशेपटीचे घोडे दौडत होते. ॲना स्यूएलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या १८७७ सालच्या कादंबरीत सर ऑलिव्हर नावाचा एक म्हातारा घोडा आहे. लहानपणी आपली शेपटी कशी तोडली हे तो सांगतो, आणि अंगावर बसलेल्या माश्या आता जन्मभर हाकलता येणार नाहीत याचे दुःख करतो. ब्रिटनमध्ये शेपटी तोडण्याला कायद्याने बंदी आली ती १९४९ साली. म्हणजे हिंदुस्थान आधी सुटला, घोड्याची शेपटी नंतर!

कद्रूची विद्या मात्र कायद्याने थांबली नाही. १८ ऑगस्ट १९८४ रोजी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या रेसकोर्सवर ‘फाइन कॉटन’ नावाचा सामान्य घोडा धावायचा होता. काही मंडळींनी त्याच्या जागी ‘बोल्ड पर्सनॅलिटी’ नावाचा तेज घोडा उभा करायचे ठरवले. अडचण एवढीच, की फाइन कॉटन गडद तपकिरी आणि मागचे पाय खाली पांढरे. हा दुसरा फिकट आणि पायांना पांढरे नाही. मग बायका केसांना लावतात तो कलप आणून सबंध घोड्याला चोपडला. घोडा तांबूस झाला. पायांना सरळ पांढरा रंग फासला. फाइन कॉटनचा भाव एकास तेहतीस होता, तो पैशांच्या माऱ्याने दोनास सात इतका उतरला. घोडा थोडक्यात जिंकलासुद्धा. पण पायांवरचा रंग ओघळू लागला होता आणि प्रेक्षक ‘बदली घोडा, बदली घोडा’ म्हणून ओरडू लागले. अधिकाऱ्यांनी कागद मागितले तेव्हा ट्रेनर जागेवर नव्हता. घोडा बाद, पैजा बुडाल्या, काहीजण तुरुंगात गेले. कद्रूच्या सापांचा रंग ओघळत नसे, एवढाच काय तो फरक.

मध्यंतरी आमच्या पेठेतून एक वरात चालली होती. नवरदेवाला वर बसवून मंडळी फोटोसाठी थांबली होती. पांढरी घोडी, आयाळीच्या मोत्यांच्या वेण्या आणि शेपटीचे टोक लालभडक. मी घोडीवाल्याला विचारले,

“काय हो मामा, शेपटीला काय लावलंय?”

“मेंदी हाय साहेब. पार्टीला रंग लागतो.”

“आणि एरवी एवढी पांढरी कशी ठेवता?”

“बसून बसून पिवळी पडती की. मग धुऊन शेवटच्या पाण्याला चिमूटभर नीळ. धोतराला घालतात तीच. जास्त नाय घालायची, नायतर निळी घोडी!” तो हसला. “तेल लावायचं, गुंता बोटानं सोडवायचा, तोही खालून वर. फणी जोरात मारली की केस हातात येतो, आन् गेलेला केस पुन्हा पुरा लांब व्हायला वर्सं जात्यात.”

“घोडीला आवडतं का हे सगळं?”

“तिला काय, साहेब? पार्टीला रंग लागतो, तिला माश्या लागत्यात. आज शेपटी बांधू नका म्हनलं पार्टीला. आइकलं, बरी मान्सं हाईत.”

झेनोफनला जे लिहायला ग्रीक भाषा लागली, ते त्याने वरातीच्या गोंगाटात दोन वाक्यांत सांगितले. अडीच हजार वर्षे आपण त्या केसांत पैज पाहिली, शोभा पाहिली, शकुन पाहिला, फॅशन पाहिली आणि पैसा पाहिला. माशी फक्त घोड्याने आणि घोड्याशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाने पाहिली.

अमेरिकेने आता उलटी गंगाही वाहवली आहे. तिथे घोड्यांच्या आयाळी-शेपटीसाठी ‘मेन एन टेल’ नावाचा शांपू निघाला होता. घोड्यांचे केस इतके मऊ होताना पाहून त्यांच्या मालकिणींनी तो स्वतःच्या डोक्याला लावून पाहिला, आणि १९९० नंतर तो माणसांतही धडाक्याने खपला. केस मागे ओढून उंच बांधण्याच्या पद्धतीला तर पोनीटेल म्हणजे तट्टाची शेपटीच म्हणतात. आमच्या वाड्यातल्या निम्म्या मुली ती उडवत कॉलेजला जातात. माणसाची खाली गळालेली शेपटी अशी लाखो वर्षांनी वरच्या बाजूला उगवली. दिसते मोठी झोकदार. पण तिने एक माशी हाकलून दाखवा म्हणावे!