कोणत्या रोग्याचे स्वातंत्र्य?

१९४५ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी अमेरिकेपुढे राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना ठेवली. खाजगी डॉक्टरांची अमेरिकन मेडिकल असोसिएशन तिच्यावर तुटून पडली. रोग्याचे डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य जाईल, म्हणे! मी विचारतो, कोणत्या रोग्याचे? दक्षिणेत याच संघटनेच्या शाखा काळ्या डॉक्टरांना सभासद करून घेत नव्हत्या. सभासद नाही म्हणून इस्पितळाचे दार बंद. (आपल्याला ही रीत नवी नाही.) काळ्या डॉक्टरांनी १८९५ सालीच आपली वेगळी संघटना काढली होती. तेही खाजगीच व्यवसाय करीत. पण वृद्धांच्या विम्याला, मेडिकेअरला, त्यांनी पाठिंबा दिला. वर्णभेद पाळणाऱ्या इस्पितळाला पैसा नाही, या अटीवर १९६६ साली मेडिकेअर सुरू झाली आणि शेकडो इस्पितळांतले वेगळे वॉर्ड काही महिन्यांत मोडले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने काळ्या डॉक्टरांची माफी मागितली ती २००८ साली.