दगड पुढं, विटा मागं



घराचा इतिहास लिहिणारे बांधणाऱ्याचं नाव लिहितात. आपण खरेदीखत बघायचं. घर कुणाच्या नावावर होतं, भाडं कोण भरत होतं, कुणाला कधी बाहेर काढलं, हे विचारायचं.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, पूर्व १२७ व्या रस्त्यावर २० नंबरचं एक घर आहे. १८६९ सालचं. असल्या घरांना तिथं 'ब्राऊनस्टोन' म्हणतात, म्हणजे तपकिरी दगडाची घरं. नावावरून वाटतं सगळं घर दगडाचं असेल. पण भिंत असते विटांची. त्यावर रस्त्याच्या बाजूनं काही इंच जाडीचा दगड बसवलेला. श्रीमंती फक्त रस्त्याकडं तोंड करून उभी.

ही घरं गोऱ्यांसाठी बांधली. १८८० च्या सुमारास खांबांवरची रेल्वे हार्लेमपर्यंत आली आणि बांधकामाचा सट्टा सुरू झाला. १९०४ ला भुयारी रेल्वे येणार म्हणून आणखी घरं उठली. घरं जास्त, गिऱ्हाईक कमी. बाजार कोसळला. रिकामं घर मालकाला खातं. तेव्हा फिलिप पेटन नावाच्या काळ्या दलालानं १९०४ साली कंपनी काढली आणि तिथं काळे भाडेकरू आणले. त्यांना भाडं गोऱ्यांपेक्षा जास्त. तरी माणसं आली, कारण शहरात दुसरीकडं दार उघडत नव्हतं. गोरे उठून जाऊ लागले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागून असलेल्या टेकडीवर. टेकडीखालची वस्ती याच काळात काळ्यांची होत होती.

पुढं १९३० च्या दशकात सरकारी कर्जसंस्थेनं शहरांचे नकाशे केले. हार्लेमवर तांबडा रंग फासला. अर्थ एवढाच की इथं कर्ज देणं धोक्याचं. कर्ज नाही तर दुरुस्ती नाही, छप्पर गळणारच. आणि वर म्हणायचं, या लोकांना घरं सांभाळता येत नाहीत! १९७० च्या दशकात थकलेल्या करापोटी कितीतरी घरं नगरपालिकेनं ताब्यात घेतली.

त्या २० नंबरच्या घरात वरच्या मजल्यावर कवी लँग्स्टन ह्यूज राहायचा. १९६७ त मरेपर्यंत, सुमारे वीस वर्षं. १९८१ त शहरानं घराला ऐतिहासिक वास्तू ठरवलं. चांगलं झालं. पण हा कायदा सांभाळतो मुख्यतः घराचं बाहेरचं रूप. पुढचा दगड बदलायचा तर परवानगी काढावी लागते. आत राहणारा माणूस बदलायचा तर लागत नाही.

मग वस्तीचा भाव चढला. २००८ त १२५ व्या रस्त्यावर उंच इमारतींना वाट करून देणारे नियम झाले. ह्यूजचं घर मालकानं एकदा १० लाख डॉलरला विकायला काढलं, तेव्हा कुणी घेतलं नाही. २०१६ पर्यंत अंदाज ३० लाखांवर गेला. त्याच साली लेखक मंडळींनी लोकवर्गणी काढून घर भाड्यानं घेतलं. कविता वाचल्या, पोरांना लिहायला बसवलं. २०१९ च्या अखेरीस ते केंद्र बंद झालं. वर्गणीतून भाडं भरता आलं, मालकी आली नाही.

आता लंडनकडं बघा. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथं बाबासाहेब १९२१-२२ त राहिले, तेही असंच विक्रीला निघालं होतं. २०१५ त महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. स्मारकाला शेजाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण वरपर्यंत गेलं, २०२० त परवानगी मिळाली. हातात खरेदीखत होतं म्हणून एवढं भांडता आलं.

तेव्हा आपल्या वस्तीतलं वाचनालय, विहार, एखाद्या शाहिराची खोली जपायची असेल तर पाटी रंगवायच्या आधी प्रॉपर्टी कार्ड काढा. नाव कुणाचं आहे, कर कोण भरतो, करार कधी संपतो, हे वहीत लिहून ठेवा. पाटी नंतर लावू.