कायदा बदलतो, मन कसे बदलते? : आयर्लंडच्या दोन सार्वमतांचा धडा

मातेच्या उदरात अंकुरलेले जीवन हे परमेश्वराचे दान आहे आणि गर्भधारणेच्या क्षणापासून त्याचे रक्षण झाले पाहिजे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपल्या वाचकांना सुपरिचित आहे. प्रवचनांतून आपण ती ऐकतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना ती शिकवतो. परंतु एखाद्या संपूर्ण समाजाला ही शिकवण पटावी आणि पटलेली टिकावी, यासाठी काय करावे लागते, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचा विचार करताना आयर्लंडचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. कॅथॉलिक श्रद्धेसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या देशाने ३५ वर्षांच्या अंतराने गर्भस्थ बालकाच्या हक्काविषयी दोन मोठी सार्वमते घेतली. दोन्ही वेळा सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी कौल दिला. मात्र दुसरा कौल पहिल्याच्या नेमका विरुद्ध होता. हे कसे घडले आणि त्यातून आपण काय घ्यावे, याची माहिती येथे देत आहोत.

१९८३ : राज्यघटनेतील आठवी दुरुस्ती

आयर्लंडमध्ये गर्भपात हा १८६१ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार गुन्हाच होता. तथापि, १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्काचे स्थान दिले, तेव्हा आपल्या देशातही न्यायालयाच्या मार्गाने असेच घडेल, अशी भीती अनेक आयरिश कॅथॉलिकांना वाटू लागली. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आयर्लंडला भेट दिली. लिमरिक येथील प्रवचनात त्यांनी मानवी जीवनाच्या पावित्र्याची साक्ष कधीही दुबळी होऊ देऊ नका, असे आयरिश जनतेला कळकळीने सांगितले. १९८१ साली जीवनसमर्थक घटनादुरुस्तीसाठी मोहीम उभी राहिली आणि दोन्ही मोठ्या राजकीय पक्षांच्या नेत्यांनी तिला आश्वासन दिले.

७ सप्टेंबर १९८३ रोजी सार्वमत झाले. गर्भस्थ बालकाच्या जीवनाचा हक्क आणि मातेच्या जीवनाचा तितकाच समान हक्क राज्य मान्य करते, असा या दुरुस्तीचा आशय होता. ८,४१,२३३ मतदारांनी म्हणजे ६६.९ टक्के लोकांनी बाजूने मत दिले; ४,१६,१३६ जणांनी विरोध केला. मतदान मात्र जेमतेम ५४ टक्के झाले होते. प्रॉटेस्टंट चर्चेसनी दुरुस्तीच्या शब्दरचनेबद्दल नापसंती व्यक्त केली होती. ही शब्दरचना संदिग्ध असून पुढे गुंतागुंत निर्माण करील, असा इशारा तत्कालीन महाधिवक्ता पीटर सदरलँड यांनीही दिला होता. विजयाच्या आनंदात या दोन्ही गोष्टींकडे फारसे लक्ष गेले नाही.

ग्रॅनर्डची गुंफा

सार्वमताला पाच महिनेही झाले नव्हते. ३१ जानेवारी १९८४ रोजी ग्रॅनर्ड या लहानशा गावात १५ वर्षांची एक शाळकरी मुलगी पवित्र मरियेच्या गुंफेजवळ एकटीच बाळंत झाली. बाळ दगावले आणि काही तासांत तीही देवाघरी गेली. राज्यघटनेने नुकतेच ज्या माता-बालकाला संरक्षण दिले होते, त्यांना त्या थंडीत ऊब देणारे कोणीही जवळ नव्हते.

या घटनेनंतर आयरिश आकाशवाणीवरील एका लोकप्रिय कार्यक्रमाकडे देशभरातील स्त्रियांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. अविवाहित गरोदरपण, लपवलेली बाळंतपणे, हिरावून घेतलेली मुले, आयुष्यभर उरात दडवलेले दुःख असे त्या पत्रांचे विषय होते. ती पत्रे वाचून दाखवण्यात आली आणि घराघरात ऐकली गेली. आयर्लंडच्या जनमताचा प्रवाह तेव्हापासून आतल्या आत वळू लागला, असे आम्हांला वाटते. कायद्याच्या कलमापेक्षा एका मुलीची कहाणी लोकांच्या काळजाला अधिक भिडली होती.

समुद्रापलीकडची वाट

दुरुस्तीमुळे आयर्लंडमधील गर्भपात रोखले गेले. परंतु शेजारी इंग्लंड होते. २००१ या एकाच वर्षी आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या ६,६७३ स्त्रियांचे गर्भपात इंग्लंड व वेल्समध्ये नोंदले गेले. यांपैकी कित्येक जणी एकट्याने, घरी काहीही न सांगता प्रवास करीत असत. पुढील वर्षांत ही संख्या उतरत गेली, तरी ती हजारांतच राहिली.

१९९२ साली बलात्कारातून गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाण्यापासून रोखण्यात आले, तेव्हा साऱ्या देशात खळबळ माजली. मातेच्या जीवाला आत्महत्येचा धोका असेल तर गर्भपात करता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या सार्वमतांत परदेशी जाण्याचे आणि माहिती मिळवण्याचे स्वातंत्र्य मतदारांनी मान्य केले. याचा अर्थ उघड होता. आपल्या भूमीवर गर्भपात नको. मात्र शेजारच्या देशात होत असेल तर त्याकडे डोळेझाक चालेल, अशी समाजाची मनःस्थिती झाली होती. याला जीवनाविषयीची दृढ निष्ठा म्हणता येणार नाही.

बेळगावशी जोडलेले दुःख

या इतिहासातील एक नाव आपल्या परिसराशी जोडलेले आहे. बेळगावच्या कुटुंबातील दंतवैद्य सविता हलप्पनवार पतीसह गॉलवे येथे राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये, गरोदरपणाच्या सतराव्या आठवड्यात, गर्भपात अटळ असल्याच्या अवस्थेत त्या रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भ काढावा ही त्यांची विनंती, बालकाच्या हृदयाचे ठोके चालू असल्यामुळे मान्य झाली नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबर रोजी ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संसर्ग वेळीच ओळखून उपचार करण्याच्या १३ संधी हुकल्या, असे आरोग्यसेवेच्या दर्जावर देखरेख ठेवणाऱ्या आयरिश प्राधिकरणाने २०१३ च्या अहवालात नमूद केले.

मातेच्या जीवापेक्षा गर्भस्थ बालकाचा जीव श्रेष्ठ, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही, हे आयरिश बिशपांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये निवेदन काढून स्पष्ट केले. मातेचा गंभीर आजार बरा करण्यासाठी आवश्यक उपचार द्यावेत, त्यामुळे बालकाचा मृत्यू हेतू नसताना ओढवला तरीही ते उपचार नीतीला धरून आहेत, ही कॅथॉलिक नीतिशास्त्राची जुनी भूमिका आहे. परंतु सर्वसामान्य लोकांपर्यंत ती पूर्वी नीट पोहोचलेलीच नव्हती. शोकाच्या घडीला काढलेले स्पष्टीकरण कितीही खरे असले, तरी ते सारवासारव केल्यासारखे भासते.

२०१८ : दुसरा कौल

मधल्या काळात ख्रिस्तसभेच्या शब्दाचे वजनही घटले होते. धार्मिक संस्थांतील मुलांच्या छळाचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. कुमारी मातांच्या आश्रमगृहांबद्दलचे सत्य हळूहळू बाहेर येत होते. (त्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. १८ संस्थांत सुमारे ५६,००० माता राहून गेल्या आणि सुमारे ९,००० बालके दगावली, असे त्यात नोंदले आहे.) गर्भातील बालकाच्या बाजूने बोलणाऱ्यांना लोक आता विचारू लागले, ‘जन्मलेल्या बालकांचे तुम्ही काय केले?’

२५ मे २०१८ रोजी आठवी दुरुस्ती रद्द करण्याबाबत सार्वमत झाले. ६४ टक्के मतदान झाले. १४,२९,९८१ जणांनी म्हणजे ६६.४ टक्के लोकांनी ती रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. विरोधात ७,२३,६३२ मते पडली. डोनेगल हा एकच मतदारसंघ विरोधात राहिला. मतदानोत्तर पाहणीनुसार वयोगटांपैकी केवळ ६५ वर्षांवरील मतदारांनी दुरुस्ती राखण्याच्या बाजूने बहुमत दिले. १ जानेवारी २०१९ पासून नवा कायदा अमलात आला. पहिल्या वर्षी ६,६६६ गर्भपातांची नोंद झाली आणि २०२३ साली हा आकडा १०,०००च्या वर गेला.

आकड्यांचा अर्थ

दोन्ही सार्वमतांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जीवनाच्या बाजूची मते ८,४१,२३३ वरून ७,२३,६३२ वर आली. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, जुनी पिढी गेली, नवी आली, हे खरे. तरीही ही घट तुलनेने मर्यादित आहे. विरुद्ध बाजूची मते मात्र ४,१६,१३६ वरून तिपटीहून अधिक वाढली. ३५ वर्षांत जी नवी पिढी घडली आणि १९८३ साली जे मतदानाला बाहेरच पडले नव्हते, त्यांच्यापर्यंत जीवनाचा संदेश पोहोचलाच नाही, असा याचा अर्थ आम्ही लावतो. भित्तिफलक लागले, सभा झाल्या, निवेदने निघाली. पण ज्यांना आधीच पटले होते, त्यांनाच ते पुन्हा सांगितले गेले.

जे कार्य मनापर्यंत पोहोचले

आयर्लंडमध्ये वेगळ्या प्रकारचे कार्यही झाले, हे सांगणे न्यायाचे होईल. १९७० च्या दशकाच्या आरंभी फादर फर्गल ओ’कॉनर या डॉमिनिकन धर्मगुरूंनी अविवाहित गरोदर मुलींची सोय साध्या कुटुंबांत करून देणारी संस्था सुरू केली. आश्रमगृहाच्या भिंतींऐवजी त्या मुलींना एखाद्या घरचे जेवणाचे टेबल मिळाले. १९७३ साली सरकारने अविवाहित मातांना भत्ता सुरू केला आणि आपले मूल स्वतः वाढवणे अनेकींना शक्य झाले. १९७७ साली बिशपांनी ‘क्यूरा’ ही समुपदेशन संस्था स्थापन केली. २०१८ साली ती बंद होईपर्यंत अडचणीत सापडलेल्या असंख्य स्त्रियांना तिचा आधार मिळाला. १९८७ च्या कायद्याने ‘अनौरस’ हा शिक्का मुलांवरून पुसला गेला.

गर्भपात करावासा वाटण्यामागे बदनामी, दारिद्र्य आणि एकटेपण ही कारणे पुष्कळदा असतात. वरील प्रत्येक पावलाने यांपैकी एखादे तरी कारण दूर केले. जीवनसमर्थक कार्याचा हाच पाया आहे. मदर तेरेसा यांनी १९७९ साली नोबेल पुरस्कार स्वीकारताना हेच सांगितले होते. आपण गर्भपाताशी दत्तकविधानाने लढत आहोत, नको असलेले मूल आम्हांला द्या, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या शब्दांमागे शिशुभवनातील पाळणे होते, म्हणूनच ते ऐकले गेले.

ज्यांच्या हातून गर्भपात घडला आहे, त्यांच्याशी कसे बोलावे, याचेही मार्गदर्शन उपलब्ध आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘जीवनाची सुवार्ता’ या १९९५ च्या परिपत्रकात अशा स्त्रियांना उद्देशून निराश न होण्याचे आवाहन केले आणि त्याच उद्या जीवनाच्या प्रभावी साक्षीदार होऊ शकतील, असा विश्वास व्यक्त केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली सर्व धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमस्वरूपी दिला.

आपल्या अंगणात

भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संमत झाला आणि २०२१ साली त्याची मुदत काही प्रकरणांत २४ आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे आयर्लंडप्रमाणे कायद्याची भिंत आपल्यापाशी मुळात नाहीच. भिंतीवर विसंबल्यास काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ साली केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील बालकांमध्ये दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या ९४६ वरून २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. कायदा हवाच, परंतु मुलगी नकोशी वाटणाऱ्या मनाला तो एकटा वळवू शकत नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामांना आम्ही काही प्रश्न नम्रपणे विचारतो. आपल्या गावातील एखाद्या अविवाहित मुलीला दिवस गेले, तर ती सर्वप्रथम आपल्याकडे येईल की आपल्यापासून लपेल? तिच्या आईवडिलांना मिस्सेच्या वेळी लोकांच्या नजरा झेलाव्या लागतील का? तिसऱ्या मुलीच्या बारशाला आपण पहिल्या मुलाइतक्याच आनंदाने जातो का? गर्भात व्यंग असल्याचे निदान झालेल्या दांपत्याला आपण प्रार्थनेचे आश्वासन देतो. परंतु पुढील वीस वर्षांची सोबत देतो का?

लहान ख्रिस्ती समूहांनी आपल्या विभागातील गरोदर भगिनींची, विशेषतः परप्रांतातून कामासाठी आलेल्या कुटुंबांतील स्त्रियांची, विचारपूस करावी. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत माता आणि बालक या दोघांच्याही रक्षणाविषयीची शिकवण संपूर्ण सांगावी. डॉक्टर व परिचारिका असलेल्या प्रापंचिकांनी धर्मग्रामात विश्वासाने सल्ला देणारी व्यक्ती म्हणून पुढे यावे. दत्तकविधानाची कायदेशीर माहिती धर्मग्राम कार्यालयात मिळावी. या कामांना प्रसिद्धी मिळणार नाही. परंतु घाबरलेल्या मुलीला दार ठोठावण्याचा धीर अशाच कामांतून येतो.

आयर्लंडच्या बांधवांनी राज्यघटनेत लिहिलेले वाक्य ३५ वर्षे टिकले. त्या गुंफेजवळच्या मुलीला मात्र एका उघड्या दाराची गरज होती. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असे एक दार असावे आणि ते उघडे आहे हे गावातील प्रत्येक मुलीला ठाऊक असावे, अशी प्रार्थना आपण करू या आणि त्या दारी कोण उभे राहणार, हेही ठरवू या.