हुकूम, दफ्तर आणि क्लाउड

‘हुकूम’ हा शब्द मराठीत अरबीतून आला, ‘दफ्तर’ फारसीतून. दख्खनच्या सुलतानी काळात आणि पुढं मराठेशाहीतही हे दोन्ही शब्द जोडीनं वावरले. फर्मान लिहिलं जाई, त्यावर तारीख पडे, शिक्का उमटे आणि नक्कल दफ्तरात राही. तोंडी हुकुमाची ताकद हुकूम देणाऱ्याबरोबर संपते. लेखी हुकूम मात्र पुढच्या पिढीलाही वाचता येतो, त्याचा जाब विचारता येतो. म्हणून तर वतनाचे तंटे उभे राहिले की लोक जुन्या सनदा पुढं करत. दफ्तर सत्ताधाऱ्यासाठी असतं, हे अर्धंच खरं आहे. वेळ आली की ते दुबळ्याचाही साक्षीदार होतं.

हे सगळं आठवण्याचं कारण थोडं वेगळं आहे. आज बँकेपासून रेशनच्या दुकानापर्यंत अनेकांच्या तोंडी ‘क्लाउड’ हा शब्द असतो. नाव ढगाचं असलं तरी प्रत्यक्षात ती गोदामासारख्या इमारतींत रचलेली हजारो यंत्रं असतात. ती चालवणारी माणसं बऱ्याचदा काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करतात. त्या पद्धतीला ‘कमांड लाइन’ म्हणतात. कमांड म्हणजे हुकूमच. तिचा इतिहास पाहताना मला आपल्या या जुन्या जोडीची वारंवार आठवण होते.

ही कहाणी साठ वर्षांहून जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या ‘एमआयटी’मध्ये जॉन मॅकार्थी यांनी एका भाषणात कल्पना मांडली होती, की टेलिफोनसारखीच संगणकाची ताकदही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी तिथंच फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटानं ‘सीटीएसएस’ ही प्रणाली करून दाखवली. तोवर लोक भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्राच्या खोलीत देत आणि उत्तराची वाट पाहत बसत. आता एकाच यंत्रापुढं अनेकजण आपापल्या टंकयंत्रावर हुकूम टाइप करू लागले आणि यंत्र लगेच उत्तर देऊ लागलं. वेळ वाटून दिलेला असे. म्हणजे भाड्यानं संगणक वापरण्याची आजची पद्धत तितकीशी नवी नाही.

याच प्रणालीवर काम करणारे फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझां यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय केली. रोज तेच ते हुकूम टाइप करण्याऐवजी त्यांची यादी एका फाइलीत लिहायची आणि ती यंत्राला वाचायला द्यायची. हुकूम ऐकणाऱ्या आज्ञावलीला ‘शेल’ हे नावही त्यांनीच दिलं. वरवर लहान वाटणाऱ्या या सोयीनं मोठं काम केलं. हुकूम आता दस्तऐवज झाला. तो जपता, तपासता आणि दुसऱ्याच्या हाती देता येऊ लागला. पुढं १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून बेल लॅब्समध्ये युनिक्सचा जन्म झाला. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळं एका हुकुमाचं उत्तर थेट दुसऱ्या हुकुमाला पुरवण्याची युक्ती त्यात आली.

१९८४ साली मॅकिंटॉश आला. माउस आणि चित्रं यांमुळं संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, ही मोठीच गोष्ट होती. टाइप करायचे हुकूम आता इतिहासजमा होणार असं वाटलं. सर्व्हरच्या खोलीत मात्र ते टिकून राहिले. कारण साधं आहे. एका यंत्रावर बटण दाबता येतं, हजार यंत्रांवर दाबत बसणं शक्य नसतं. शिवाय कुठं बोट ठेवलं याची नक्कल उरत नाही, लिहिलेली ओळ मात्र उरते.

मार्च २००६मध्ये ॲमेझॉननं ‘एस-थ्री’ ही साठवणसेवा सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ आली. ती दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनमध्ये बसलेल्या गटानं घडवली होती. तासाला दहा सेंट मोजा आणि एक पूर्ण संगणक भाड्यानं घ्या, असा तो सौदा होता. एरवी सर्व्हर घ्यायचा म्हणजे दरपत्रकं, मंजुऱ्या आणि आठवड्यांची प्रतीक्षा. इथं एका ओळीत यंत्र उभं राही, दुसऱ्या ओळीत मोडलं जाई. बटणांची अधिकृत खिडकी २००९ साली आली. तोवर काळा पडदाच मुख्य दरवाजा होता. २०१३ साली ॲमेझॉननं आपल्या निरनिराळ्या सेवांसाठी ‘एडब्ल्यूएस सीएलआय’ हे एकच साधन दिलं. गूगलचं ‘जीक्लाउड’ आणि मायक्रोसॉफ्टचं ‘एझेड’ ही त्याच जातीची साधनं.

या हुकुमांचं व्याकरण सोपं असतं. आधी सेवेचं नाव, मग क्रियापद, मग तपशील. ‘डिस्क्राइब’ म्हटलं की यंत्रांची यादी मिळते, ‘रन’ म्हटलं की नवं यंत्र सुरू होतं, ‘टर्मिनेट’ म्हटलं की ते कायमचं जातं. २०१६पासून मुंबईही या नकाशावर आहे. तिचं तिथलं नाव ‘एपी-साउथ-१’. पुण्यात बसलेल्या मुलानं हे नाव लिहिलं की यंत्र मुंबईत चालू होतं. ते बंद करायला तो विसरला तरी मीटर चालूच राहतो.

एवढ्या ताकदीला लगाम हवाच. ‘ड्राय-रन’ लिहिलं की हुकूम पाळला जात नाही, तो पाळण्याचा अधिकार आहे की नाही एवढंच कळतं. २०१४ साली आलेलं ‘टेराफॉर्म’ तर काय उभं राहील आणि काय पाडलं जाईल याचा आराखडा आधी समोर ठेवतं. २०१३पासून ॲमेझॉनचं ‘क्लाउडट्रेल’ कोणी, कधी, कुठून, कोणता हुकूम दिला याची नोंद ठेवतं. हे नवं दफ्तरच म्हणायचं.

या दफ्तराचा खरा कस २०१७ साली लागला. २८ फेब्रुवारीला ‘एस-थ्री’च्या एका कर्मचाऱ्यानं मोजकेच सर्व्हर काढण्यासाठी हुकूम दिला. एक तपशील चुकला आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियाच्या केंद्रातली सेवा काही तास कोलमडली आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य वेबसाइट अडल्या. सेवेची प्रकृती दाखवणारा कंपनीचा फलकही ‘एस-थ्री’वरच अवलंबून असल्यानं तोही वेळेवर बदलता आला नाही.

त्यानंतर कंपनीनं जाहीर केलेला खुलासा मला महत्त्वाचा वाटतो. त्यात कर्मचाऱ्याचं नाव नाही. त्याला तो अधिकार होता आणि तो ठरलेल्या कार्यपद्धतीनंच चालला होता, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. बदललं गेलं ते साधन. सर्व्हर यापुढं हळूहळू निघतील आणि किमान गरजेच्या खाली संख्या जाणार नाही, अशी अट त्यात घातली गेली.

आपल्याकडं अशा वेळी पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ हा असतो. रात्रपाळीला बसलेली, कंत्राटावरची, गावाकडून आलेली मुलं या कामात मोठ्या संख्येनं आहेत. चूक झाली की बोट आधी त्यांच्याकडं वळतं. नोंद नसेल तर साहेबाचा शब्द खरा आणि मुलाचा खोटा ठरतो. नोंद असेल तर त्यानं काय टाइप केलं, त्याला काय सांगितलं होतं आणि साधनानं त्याला का अडवलं नाही, हे तिन्ही प्रश्न विचारता येतात. सनद हाती असलेल्या माणसाला दरबारात निदान उभं तरी राहता येत असे. या क्षेत्रात जाणाऱ्या मुला-मुलींना माझं एवढंच सांगणं आहे. हुकूम द्यायला शिका, आणि त्याची नक्कल ठेवायलाही शिका.