आमवात: सहज न ओळखू येणारी सुरुवातीची लक्षणे आणि दुर्मीळ गुंतागुंत

बोटांचे सांधे सुजले, सकाळी मूठ वळेना, की आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस) शंका येते. या आजारात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. मात्र हा दाह सांध्यांपुरता राहतोच असे नाही. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट आढळतो.

सुरुवातीची वेगळी लक्षणे

- सांधे दुखण्याआधीच थकवा, बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे.
- रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येणे. मनगटातील सुजेमुळे तिथली नस दबते.
- सकाळी पहिली पावले टाकताना चवड्याखाली खडा असल्यासारखे वाटणे.
- एखादा सांधा अचानक सुजून काही तासांत किंवा दिवसांत पूर्ण बरा होणे आणि असे वारंवार घडणे.
- कोरडा खोकला व दम लागणे. क्वचित फुप्फुसांचा त्रास सांध्यांच्या आधी सुरू होतो.

यांची कारणे इतरही असू शकतात. पण सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर ‘वयोमानाने होतंच’ म्हणून सोडून देऊ नये.

दुर्मीळ, पण गंभीर

- डोळे: पांढऱ्या भागाचा दाह झाल्यास डोळा लाल होऊन खोलवर ठणकतो. दृष्टीला धोका असतो.
- रक्तवाहिन्या: त्यांच्या दाहामुळे पायावर न भरणाऱ्या जखमा होतात किंवा पाऊल अचानक लुळे पडते.
- मान: वरचे दोन मणके सैल होऊन मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना हा आजार जरूर सांगावा.
- फेल्टी सिंड्रोम: प्लीहा वाढते, पांढऱ्या पेशी घटतात आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो. अमेरिकन डॉक्टर ऑगस्टस फेल्टी यांनी १९२४ मध्ये याचे वर्णन केले.

तपासणी

आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या रक्तचाचण्या उपयोगी आहेत, पण काही रुग्णांत दोन्ही निगेटिव्ह येतात. सुरुवातीचा एक्स-रेही नॉर्मल असू शकतो. त्यामुळे केवळ रिपोर्ट पाहून निश्चिंत होऊ नये. लक्षणे टिकल्यास संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. झिजलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही, मात्र वेळेत उपचार सुरू झाल्यास ही झीज बरीच रोखता येते. लाल, ठणकणारा डोळा, लुळे पडलेले पाऊल किंवा मानदुखीसोबत हातापायांत आलेला अशक्तपणा असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.